दहा दिवसांचं दूध बिल आणि युनिट टेस्ट: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण कोल्हापुरातल्या राजारामपुरीतल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीचं आहे. माणसं पाच-सहा, उत्पादन मुख्यतः एकच: गावातल्या दूध संस्थांसाठी संकलन आणि बिलाचं वेब ॲप. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. युनिट टेस्ट, म्हणजे कोडचा एकेक छोटा भाग आपोआप तपासणारा कोड, लिहायचं ठरल्यावर मला बाहेरून मदतीला बोलावलं होतं, त्यामुळे आधीचा भाग ऐकीव आहे आणि नंतरचा डोळ्यांदेखतचा.

कोल्हापूर जिल्ह्यात दुधाचा व्यवहार सहकारावर उभा आहे. गोकुळ नावाने ओळखला जाणारा जिल्हा संघ १९६३ सालचा, पलीकडे वारणा संघ, आणि गावोगावी प्राथमिक संस्था. हे ॲप कोणत्या संघाच्या संस्थांत चालतं हे इथे सांगायची गरज नाही, कारण काम सगळीकडे सारखंच चालतं. सभासद सकाळ-संध्याकाळ दूध घालतो. काट्यावर वजन होतं, मशीन फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) दाखवतं, आणि त्या दोन आकड्यांवरून दरपत्रकातला दर निघतो. म्हशीच्या दुधाचा पायाभूत दर ६.० फॅट आणि ९.० एसएनएफला धरतात, गाईचा ३.५ आणि ८.५ ला. बिल दर दहा दिवसांनी: १ ते १०, ११ ते २०, २१ ते महिनाअखेर. त्यातून पशुखाद्य आणि उचल वजा होऊन उरलेली रक्कम सभासदाच्या खात्यावर. त्या पैशांवर किराणा, शाळेची फी, बँकेचा हप्ता चालतो, म्हणून बिलातले रुपये-पैसे गावात फार बारकाईने वाचले जातात.

ॲप पीएचपी या भाषेत, लॅराव्हेल या तयार चौकटीवर, मागे मायएसक्यूएल डेटाबेस. संकलनाचा स्क्रीन जावास्क्रिप्टमध्ये, कारण गावात इंटरनेट कधी असतं, कधी नसतं, आणि रांगेतला माणूस पावतीसाठी थांबत नाही. बिलाचा सगळा हिशेब एका हजारभर ओळींच्या कंट्रोलरमध्ये, म्हणजे स्क्रीनवरून आलेली मागणी हाताळणाऱ्या फाइलमध्ये: दर काढणं, कपात, बेरीज, पीडीएफ, एसएमएस, सगळं एका ठिकाणी. टेस्टच्या फोल्डरमध्ये लॅराव्हेल स्वतःहून देतं त्या दोन नमुना टेस्ट होत्या. त्यातली एक ‘खरं हे खरं आहे का’ एवढंच तपासते, आणि ती अर्थातच कायम पास व्हायची.

अडचण

सुरुवात एका नव्या मशीनपासून झाली. बहुतेक संस्थांची मशीन फॅट एका दशांशापर्यंत दाखवायची. एका संस्थेने नवं मशीन घेतलं, ते दोन दशांश देऊ लागलं: ६.४८, ५.९२ असं. दरपत्रकात मात्र ६.४ आणि ६.५ एवढेच रकाने. डेव्हलपरने एक ओळ घातली: दहाने गुणा, खालचा पूर्णांक घ्या, दहाने भागा. ६.४८ चं ६.४ झालं. काम झालं असं सगळ्यांना वाटलं.

पुढच्या बिलाला दुसऱ्याच संस्थांमधून फोन. एका सभासदाचं म्हणणं सरळ होतं: “आमच्या म्हशीचं फॅट नेमकं सहा आलं की दर कमी कसा काय पडतोय?”

झालं होतं असं. दरपत्रक डेटाबेसमधून यायचं तेव्हा फॅटचा रकाना ‘६.०’ असा मजकूर म्हणून यायचा, आणि फॅटही मजकूर म्हणूनच. दोन्ही जुळायचं. नव्या ओळीमुळे फॅट हा दशांश संख्या झाला, आणि पीएचपीने त्याचा पुन्हा मजकूर करताना शेवटचं शून्य टाकून दिलं. ‘६.०’ च्या जागी ‘६’. दरपत्रकात ‘६’ नावाचा रकाना नाही. कोणीतरी फार पूर्वी लिहून ठेवलं होतं की नेमका रकाना सापडला नाही तर त्याखालचा घ्या. म्हणून ६.० ला ५.९ चा दर, ७.० ला ६.९ चा. बाकी सगळे आकडे बरोबर. बिल बघून कोणालाही चूक दिसणार नाही, ज्याचं फॅट नेमकं सहा आलं त्यालाच ती दिसणार. आणि म्हशीच्या दुधात नेमकं सहा हा आकडा किती सभासदांच्या पावतीवर असतो, हे कोणत्याही संस्थेच्या सचिवाला विचारावं.

त्याच रात्री थेट सर्व्हरवर त्या ओळीच्या जागी दुसरी ओळ घातली गेली: फॅट एका दशांशात छापा आणि मग दर शोधा. ६.० परत ‘६.०’ झालं. पण छापताना ती ओळ जवळच्या दशांशाकडे नेत होती, त्यामुळे नव्या मशीनच्या संस्थेत ६.४८ चं ६.५ व्हायला लागलं. आता तिथे जादा पैसे जायला लागले. जास्त मिळाल्याची तक्रार कोण करतो? ते बराच काळ कळलं नाही.

तिसरी गोष्ट या दोघींशी संबंध नसलेली. एका गावात टँकरची वेळ अलीकडे आली म्हणून संस्थेने सकाळचं संकलन लवकर सुरू केलं. तिथला एक सभासद शिरोली एमआयडीसीत पहिल्या पाळीला जातो, तो सगळ्यांच्या आधी दूध घालून निघतो. त्याचं ११ तारखेच्या सकाळचं दूध बिलात नव्हतं. आधीच्या बिलात नाही आणि पुढच्याही नाही. पावती मात्र त्याच्या खिशात.

लॅराव्हेलच्या मूळ सेटिंगमध्ये वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, असते, आणि ती इथे कोणी बदलली नव्हती. भारतीय वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे ११ तारखेला पहाटे ५ वाजून २० मिनिटांनी घातलेलं दूध सर्व्हरच्या लेखी १० तारखेच्या रात्री ११ वाजून ५० मिनिटांचं. १ ते १० चं बिल आदल्या संध्याकाळीच बंद झालेलं, आणि पुढचं बिल ११ पासून मोजणार. मधल्या फटीत दूध सांडलं. महिन्याच्या इतर दिवशीही तारीख चुकतच होती, पण बेरीज त्याच बिलात पडायची म्हणून कोणाच्या लक्षात येत नव्हतं. एकाच सभासदाच्या, एकाच सकाळच्या दोन नोंदी ॲपने अडवल्या असत्या तर हे आधी कळलं असतं. पण म्हैस आणि गाय अशा दोन किटल्या आणणारे बरेच, म्हणून तो अटकाव मुद्दाम ठेवलेला नव्हता.

याशिवाय एक किरकोळ कटकट जुनीच होती. स्क्रीनवरची रक्कम आणि बिलातली रक्कम कधीकधी एका पैशाने वेगळी यायची. १.००५ हा आकडा जावास्क्रिप्टच्या टूफिक्स्ड या तयार फंक्शनला दोन दशांशात मागितला तर १.०० मिळतो, पीएचपीच्या राउंड या फंक्शनला मागितला तर १.०१. दोघांचीही आपापली कारणं आहेत, पण सभासदाला ती सांगून उपयोग नाही.

कोणते पर्याय होते

मालकांच्या मनात आधी होता तो पर्याय माणसाचा: एक टेस्टर ठेवायचा, नवीन आवृत्ती जाण्याआधी त्याने यादी धरून सगळं तपासायचं. स्वस्त, समजायला सोपं. पण ६.० चा दोष अशा यादीत सापडला असता का? यादी करणाऱ्याला नेमकं ६.० टाकून बघायचं सुचलं असतं तरच. आणि दर आवृत्तीला, दर संस्थेच्या दरपत्रकावर, तेच ते आकडे हाताने टाकणारा माणूस चौथ्या वेळी कंटाळतो. त्यात त्याचा दोष नाही.

दुसरा पर्याय ब्राउझर चालवणाऱ्या टेस्टचा. प्लेराइटसारखं साधन स्वतः लॉगिन करतं, सभासद कोड टाकतं, दूध नोंदवतं, बिल काढतं. मालकांना हे दाखवलं तेव्हा ते खूश झाले, कारण स्क्रीन आपोआप हलताना दिसतो. माझं मत वेगळं होतं. दरपत्रकातल्या फॅट आणि एसएनएफच्या जोड्या शेकड्यांत जातात. प्रत्येकीसाठी ब्राउझर उघडायचा तर दुपार जाईल, आणि बटणाचं नाव बदललं की निम्म्या टेस्ट लाल, म्हणजे नापास, होतील. लॉगिन ते बिल असा एखादा रस्ता तपासायला ते ठीक. दर काढायला नाही.

तिसरा, कोणी ना कोणी नेहमी सुचवतो तो: सगळं नव्याने लिहू, या वेळी टेस्टसकट. चालू संस्था दर दहा दिवसांनी बिल मागत असताना हा विचार करण्यातही वेळ घालवू नये असं माझं मत, आणि सुदैवाने तो फार टिकलाही नाही.

चौथा पर्याय आकड्याचा होता: कोडच्या ८० टक्के ओळी टेस्टमधून गेल्या पाहिजेत असं लक्ष्य. हा मोहक असतो, कारण मालकांना दर आठवड्याला वाढणारा एक आकडा दाखवता येतो. पण ओळ चालली म्हणजे उत्तर तपासलं असं होत नाही. शिवाय असं लक्ष्य दिलं की माणसं सोप्या ओळींपासून सुरू करतात. सभासदाचं नाव मोठ्या अक्षरांत करणाऱ्या फंक्शनला पाच टेस्ट आणि कपातीला एकही नाही, हे चित्र मी एकाहून जास्त ठिकाणी पाहिलं आहे.

ठरलं ते असं: पैसा ज्या फंक्शनमधून फिरतो तेवढं कंट्रोलरमधून बाहेर काढायचं आणि फक्त त्यालाच युनिट टेस्ट लिहायच्या. दर, रक्कम, तारीख कोणत्या बिलात पडते ते, आणि कपात. पीडीएफ, एसएमएस, लॉगिन यांना हात लावायचा नाही.

वेळेचा प्रश्न मालकांनी काढलाच. संस्था टेस्टचे पैसे देत नाहीत, वर “एवढ्याशा बदलाला इतके दिवस?” असं ऐकवतात. समजूत शेवटी त्यांच्या थोरल्या भावाने घातली. भावाचं उद्यमनगरात मशीन शॉप आहे. तो म्हणाला, “आम्ही बोअर फिनिश केला की गो–नो गो गेज घालून बघतो. गेजचे पैसे गिऱ्हाईक वेगळे देत नाही, पण गेज नसेल तर माल परत येतो.” गेज म्हणजे भोकाचं माप बरोबर आहे की नाही एवढंच सांगणारं साधन. पुढे त्या ऑफिसात टेस्टला ‘गेज’च म्हणू लागले.

काय केलं

पहिला आठवडा वाया गेला असं म्हणणार नाही, पण चुकीच्या दिशेने गेला. काम नुकत्याच लागलेल्या एका इंजिनिअर मुलीकडे दिलं होतं. ती हुशार, पीएचपीयुनिट हे टेस्टचं साधन तिने दोन दिवसांत शिकून घेतलं आणि भराभर टेस्ट लिहिल्या. सगळ्या हिरव्या. मी एका टेस्टवर बोट ठेवून विचारलं, “ही अपेक्षित रक्कम कुठून आणली?”

“कोड चालवून बघितला सर, जे आलं ते लिहिलं.”

म्हणजे टेस्ट कोडला विचारत होती की तू आत्ता जे सांगितलंस तेच परत सांगतोस ना. ६.० ला ५.९ चा दर मिळतो हे अपेक्षित उत्तर म्हणून तिच्या फाइलमध्ये नोंदलं गेलं असतं, आणि पुढे कोणी दोष दुरुस्त केला असता तर टेस्ट लाल झाली असती. जुन्या कोडची घडी मोडण्याआधी त्याचं आजचं वागणं टिपून ठेवायला अशा टेस्टचा उपयोग असतो, तो मी नाकारत नाही. पण इथे आजचं वागणंच संशयित होतं.

या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय मला हाच वाटतो: अपेक्षित उत्तर कोडच्या बाहेरून आणायचं. कोणाकडून? संघाच्या छापील दरपत्रकावरून, आणि सचिवाकडून.

करवीर तालुक्यातल्या एका संस्थेत आम्ही गेलो, मुद्दाम बिलाची तारीख टाळून. सचिव पंचवीस-तीस वर्षं तेच काम करणारे. काउंटरच्या मागे भिंतीला दरपत्रक चिकटवलेलं, बोटं फिरून फिरून सहाच्या ओळीपाशी कागद काळपट झालेला. एक बोट फॅटच्या ओळीवर, दुसरं एसएनएफच्या रकान्यावर, आणि जिथे मिळतील तो दर. मुलगी लॅपटॉप उघडून एकेक प्रश्न विचारत होती.

“काका, मशीनने सहा पॉइंट चार आठ दाखवलं तर?”

“सहा चार. मशीन काय बी दाखवू दे ताई, दुसरा आकडा आम्ही धरत न्हाई.”

“सहा चार नऊ असलं तरी?”

“तरी. पत्रकात न्हाई ते आम्ही देऊ शकत न्हाई.”

म्हणजे पहिली ओळ बरोबर होती आणि रात्रीची दुरुस्ती चूक. कंपनीत यावर दोन दिवस वाद झाला होता, उत्तर एका वाक्याचं होतं. पुढे आम्ही विचारलेही नव्हते असे नियम निघाले. मशीन बंद पडलं तर त्या सभासदाच्या मागच्या दोन वेळच्या फॅटची सरासरी धरतात. म्हशीच्या किटलीत ५.० च्या खाली फॅट आलं तर दूध परत. पशुखाद्य आधी कापायचं, उचल नंतर, आणि बिल शून्याच्या खाली न्यायचं नाही, उरलेली बाकी पुढच्या बिलावर. या शेवटच्या नियमाचं ॲपमध्ये नावच नव्हतं. भाकड काळात ज्यांचं दूध कमी असतं त्यांना उणे रकमेचं बिल छापून जायचं आणि सचिव ते पेनने दुरुस्त करायचे. “तुमच्या सॉफ्टवेअरला तेवढं जमत नसंल म्हणून आम्ही काय बोललो न्हाई,” असं म्हणाले.

सचिवांनी हाताने काढलेल्या रकमा एका तक्त्यात उतरवल्या: जनावर, लिटर, फॅट, एसएनएफ, दर, रक्कम. हाच तक्ता टेस्टचा गाभा झाला. पीएचपीयुनिटला असा तक्ता डेटा प्रोव्हायडर म्हणून देता येतो, आणि त्यातल्या प्रत्येक ओळीला नाव देता येतं. आम्ही नावं मराठीत दिली: ‘म्हैस, नेमकं सहा’, ‘दुसरा दशांश सोडायचा’, ‘खाद्य बिलापेक्षा जास्त’. टेस्ट पडली की पडद्यावर तेच मराठी वाक्य येतं, आणि फोन घेणाऱ्या सपोर्टच्या माणसालाही कळतं काय बिघडलं. (पीएचपीत फंक्शनचं नावसुद्धा देवनागरीत चालतं. तिथवर मात्र आम्ही गेलो नाही.)

तक्ता वेगळ्या जेसन फाइलमध्ये ठेवला आणि तोच दोन्हीकडून वाचला. पीएचपीयुनिट सर्व्हरचा हिशेब तपासतं, जावास्क्रिप्टचं तसंच साधन जेस्ट स्क्रीनचा. हिशेब फक्त सर्व्हरवर ठेवणं जास्त स्वच्छ झालं असतं, पण इंटरनेट नसताना पावती द्यावी लागते, म्हणून दोन भाषांत दोन हिशेब राहणारच होते. मग निदान दोघांची परीक्षा एकाच प्रश्नपत्रिकेवर. एका पैशाची जुनी कटकट यातच पकडली गेली. दोन्हीकडे रकमा पूर्णांक पैशांत आणल्या आणि अर्धा पैसा वर न्यायचा हा नियम स्वतः लिहिला, भाषेच्या तयार फंक्शनवर सोडला नाही.

फॅटही पूर्णांकात आणायचं ठरलं. तिथे एक गंमत झाली. मुलीने फॅटला शंभराने गुणून पूर्णांक केला, मग दुसरा दशांश सोडला. कागदावर बिनचूक. टेस्ट चालवल्या तर एकच ओळ लाल: ‘गाय, ४.१’. दर आला होता ४.० चा. तिने तीनदा चालवून बघितलं. संगणक दशांश संख्या द्विमान पद्धतीत जवळपास साठवतो, त्या दुहेरी अचूकतेच्या फ्लोटिंग पॉइंट गणितात ४.१ गुणिले १०० हे ४१० येत नाही, ४०९.९९९९९९९९९९९९९४ येतं. पूर्णांक करताना अपूर्णांक भाग कापला जातो आणि उरतात ४०९. गाईच्या दुधाला ४.१ हा अगदी रोजचा आकडा. ही आवृत्ती टेस्टशिवाय गेली असती तर ६.० चा किस्सा गाईवाल्यांच्या वाट्याला आला असता. उपाय साधा: गुणायचंच नाही. मशीनकडून मजकूर येतो, तो टिंबापाशी तोडायचा आणि दोन्ही बाजूंचे अंक घ्यायचे.

तारखेसाठी कोडची ठेवण बदलावी लागली. जुनं फंक्शन आतूनच ‘आत्ता किती वाजले’ विचारायचं, त्यामुळे ११ तारखेच्या पहाटेची टेस्ट चालवायला ११ तारखेची पहाटच लागली असती. आता वेळ बाहेरून द्यायची आणि फंक्शन भारतीय वेळेप्रमाणे संकलनाची तारीख आणि बिलाचा क्रमांक परत देणार. जिथे वेळ बाहेरून देणं जड होतं तिथे कार्बन या तारीख-वेळेच्या लायब्ररीचं सेटटेस्टनाऊ वापरून घड्याळ थांबवलं. तपासलेल्या वेळा: १० तारखेची रात्र ११:५९, ११ ची पहाट ५:२९ आणि ५:३०, ३१ तारखेची सकाळ, २८ आणि २९ फेब्रुवारी.

सेटिंगमधली वेळ सरळ भारतीय का केली नाही, असं विचारलं गेलं. एका ओळीचं काम दिसतं. पण आधीच्या सगळ्या नोंदींची वेळ डेटाबेसमध्ये यूटीसीत साठवलेली होती. सेटिंग बदललं की तीच वेळ भारतीय म्हणून वाचली जाणार, म्हणजे जुनी प्रत्येक नोंद साडेपाच तास मागे सरकणार. म्हणून साठवण यूटीसीत ठेवली आणि तारीख काढणारं फंक्शन एकच केलं.

डेटाबेसच्या बाबतीत एक छोटा निर्णय. टेस्टसाठी मेमरीत चालणारा एसक्यूलाइट हा हलका डेटाबेस वापरायची पद्धत आहे, वेगवान असतो. पण एसक्यूलाइटमध्ये मायएसक्यूएलसारखा दशांश अचूक साठवणारा खरा डेसिमल प्रकार नाही, आणि आमचं सगळं दुखणं दशांशातच होतं. हिशेबाच्या टेस्ट डेटाबेसला हातच लावत नाहीत. ज्या मोजक्या लावतात त्या मायएसक्यूएलवरच चालतात.

शेवटी इन्फेक्शन नावाचं साधन फक्त या भागावर चालवलं. ते कोडमध्ये मुद्दाम छोटे बिघाड करतं आणि टेस्टला ते कळतात का बघतं. ‘५.० किंवा जास्त’ याचं त्याने ‘५.० पेक्षा जास्त’ केलं आणि एकही टेस्ट लाल झाली नाही. तक्त्यात ४.९ होतं, ५.१ होतं, नेमकं ५.० नव्हतं. सहाच्या धड्यानंतरही.

निष्पत्ती

दराच्या आणि हरवलेल्या दुधाच्या तक्रारी थांबल्या. टेस्ट काही सेकंदांत चालतात, त्यामुळे लोक त्या खरंच चालवतात. रात्री थेट सर्व्हरवर ओळ घालणं बंद झालं.

जुन्या चुकांचं काय करायचं हा वेगळा पेच होता. मागच्या नोंदी नव्या हिशेबातून घालून यादी काढली: कोणाला कमी गेले, कोणाला जास्त. कमी गेलेल्यांना पुढच्या बिलात ‘फरक’ म्हणून वेगळ्या ओळीत रक्कम दिली. जास्त गेलेल्यांकडून वसूल करावं असं संस्थेच्या एका संचालकाचं मत होतं. सचिवांनी विरोध केला: चूक सभासदाची नाही, आणि पैसे कधीच खर्च झालेत. ती रक्कम कंपनीने सोसली. माझ्या मते तेच रास्त होतं.

युनिट टेस्टने काय झालं नाही, तेही सांगायला हवं. काही महिन्यांनी नवं दरपत्रक आलं. ते एक्सेलमधून आयात करताना एसएनएफचा एक रकाना सरकला आणि सगळे दर एका घराने चुकले. टेस्ट साऱ्या हिरव्या, कारण टेस्टमधलं दरपत्रक ठरलेलं, जुनं. चूक सचिवांना पहिल्याच पावतीवर दिसली. त्यानंतर आयातीच्या वेळी तपासणी घातली: फॅट वाढलं आणि दर कमी झाला तर पत्रक स्वीकारायचं नाही, आणि पायाभूत फॅट-एसएनएफचा दर वापरणाऱ्याने हाताने टाकून जुळवायचा.

वेगळं काय करता आलं असतं

सचिवांकडे जायला उशीर झाला. नवं मशीन आलं त्याच दिवशी एक फोन केला असता तर दुसऱ्या दशांशाचा वाद झालाच नसता. डेव्हलपर आणि सचिव यांच्यामध्ये सपोर्ट आणि विक्री अशी दोन माणसं होती, आणि प्रश्न त्यांच्यापर्यंत पोचून तिथेच विरघळत होते.

६.० ची तक्रार आली त्या रात्री दुरुस्तीच्या आधी तक्रारीचीच टेस्ट लिहायला हवी होती: म्हैस, ६.०, ९.०, अपेक्षित दर पत्रकातला. ती लाल झालेली बघायची, मग कोडला हात लावायचा. त्याने ६.४८ चा घोळ पकडला असता असं मात्र मी म्हणणार नाही, कारण ती ओळ तक्त्यात तेव्हा कोणी लिहिलीच नसती. निदान शेजारी ‘६.४८ ला काय?’ हा प्रश्न कोणाला तरी सुचला असता.

‘नेमका रकाना सापडला नाही तर खालचा घ्या’ ही जुनी ओळ आम्ही काढून टाकली. आता दर सापडला नाही तर नोंद थांबते आणि सचिवांना सांगते. काही संस्थांना हे जाचक वाटतं, रांग खोळंबते अशी तक्रार आहे, आणि ती खरी आहे. तरी चुकीचा दर गुपचूप लावण्यापेक्षा मला हेच बरं वाटतं. मालकांना अजून पूर्ण पटलेलं नाही.

बिल काढायच्या तारखांना, म्हणजे १०, २० आणि महिनाअखेरीला, नवीन आवृत्ती टाकायची नाही हा नियम टेस्टशिवायही पहिल्या दिवसापासून करता आला असता.

राहिलेलं काम दिवाळीच्या दूध फरकाचं आहे. वर्षभराच्या दुधावर सभासदाला मिळणारी ती रक्कम अजून त्या हजार ओळींच्या कंट्रोलरमध्येच निघते. फरकाचे नियम प्रत्येक संस्थेचे थोडे वेगळे, काही संचालक मंडळाच्या ठरावात लिहिलेले, काही सचिवांच्या वहीत. मुलीने त्यासाठी दुसरा तक्ता करायला घेतला आहे. पहिला रकाना संस्थेचा, शेवटचा ठरावाच्या तारखेचा, आणि मधले बरेचसे अजून रिकामे.